स्थिर जोडणी, मोटिफ आणि 'गिम्प' : ग्राफिकल सॉफ्टवेअरच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना :

प्रोग्राम कंपाइल करताना त्यास लागणाऱ्या लायब्ररी अंतिम फाइलमध्येच समाविष्ट करणे, यास स्टॅटिक लिंकिंग किंवा स्थिर जोडणी म्हणतात. याउलट, शेअर्ड लायब्ररी संगणकावर स्वतंत्र असते व प्रोग्राम सुरू होताना त्यास जोडली जाते. वरवर पाहता ही केवळ तांत्रिक निवड वाटते. परंतु १९९० च्या दशकातील युनिक्स व लिनक्सवरील ग्राफिकल प्रोग्राम्सचा इतिहास तपासला असता, लायब्ररीची मालकी कोणाची हा प्रश्न या निवडीमागे उभा असल्याचे दिसते.

पार्श्वभूमी :

एमआयटी येथे १९८४ मध्ये 'एक्स विंडो सिस्टिम' निर्माण झाली. खिडक्या, बटणे व मेनू यांच्या लायब्ररी आकाराने मोठ्या असल्याने प्रत्येक प्रोग्रामने त्यांची स्वतंत्र प्रत बाळगणे स्मृती व डिस्क या दोन्ही दृष्टींनी खर्चिक होते. शेअर्ड लायब्ररींचा प्रसार होण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते. सनओएस ४.० मध्ये १९८८ साली ही सोय उपलब्ध झाली.

त्याच वर्षी स्थापन झालेल्या ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनने १९८९ मध्ये 'मोटिफ' ही ग्राफिकल लायब्ररी प्रसिद्ध केली. अनेक व्यापारी युनिक्स प्रणालींसोबत ती मिळत असे. लिनक्सवर मात्र ती स्वतंत्रपणे विकत घ्यावी लागे. यातून एक पळवाट निघाली. मोटिफ आतच जोडून तयार केलेली फाइल वाटली, की वापरणाऱ्याला मोटिफ विकत घेण्याची गरज उरत नसे. नेटस्केपचा ब्राउझर लिनक्सच्या असंख्य वापरकर्त्यांपर्यंत याच मार्गाने पोहोचला.

'गिम्प'चा पेच :

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी 'गिम्प' हा चित्रसंपादनाचा प्रोग्राम लिहिला. १९९६ च्या आरंभीची त्याची ०.५४ ही आवृत्ती मोटिफवर आधारलेली होती. सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला होता. पण ज्याच्याकडे मोटिफ नाही, त्याला तो कंपाइलच करता येत नसे. अशांसाठी स्थिर जोडणीची तयार फाइल होती. तिने चित्र रंगवता येई, दोष दुरुस्त करता येत नसे. प्लग-इन हे वेगळे प्रोग्राम असल्याने ते मात्र मोटिफशिवाय लिहिता येत, एवढीच काय ती वाट मोकळी होती.

कायद्याची बाजू अधिकच अवघड होती. १९९१ च्या जीपीएलमध्ये कार्यप्रणालीसोबत सामान्यतः मिळणाऱ्या घटकांना सवलत आहे. तथापि तो घटक प्रोग्रामसोबतच दिला, तर ती लागू होत नाही. स्थिर जोडणीत नेमके तेच घडते. स्वामित्वहक्क लेखकांकडे असल्याने त्यांना स्वतःला अडचण नव्हती. अडचण होती ती फाइल सुधारून पुढे वाटू पाहणाऱ्या तिसऱ्या माणसाची.

मोटिफला कंटाळून मॅटिस यांनी स्वतःची लायब्ररी लिहिली. तीच 'जीटीके'. एका चित्रसंपादकासाठी केलेली ही तजवीज १९९७ मध्ये जाहीर झालेल्या 'ग्नोम' प्रकल्पाचा पाया ठरली, आणि जून १९९८ मध्ये 'गिम्प १.०' तिच्यासह प्रसिद्ध झाले.

दुसरी बाजू :

स्थिर जोडणीचा दोष २००२ मध्ये ठळकपणे समोर आला. 'झेडलिब' या संक्षेपणाच्या लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी आढळली. शेअर्ड लायब्ररी बदलताच तिच्यावर विसंबलेले प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यावर सुरक्षित झाले. आत प्रत बाळगणारे प्रोग्राम मात्र एकेक शोधून नव्याने तयार करावे लागले. त्याच वर्षी आलेल्या 'जीटीके २.०'मध्ये मजकूर मांडण्याचे काम 'पँगो' या लायब्ररीकडे गेले. देवनागरी जोडाक्षरांची मांडणी तिच्यात एकदा सुधारली, की तिच्याशी गतिमान जोडणीने बांधलेल्या सर्व प्रोग्राम्सना तिचा लाभ मिळे. मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने ही गोष्ट किरकोळ नाही.

मोटिफचा सोर्स कोड २००० मध्ये मर्यादित अटींवर खुला झाला आणि २०१२ मध्ये एलजीपीएलखाली आला. त्या वर्षीच्या मे महिन्यात 'गिम्प २.८' प्रसिद्ध झाले होते, अर्थात जीटीकेवर.