तेहेतीस वर्षांचा फरक

वारसाहक्काने माणसाला काय काय मिळतं! कुणाला वाडा मिळतो, कुणाला विहिरीतला चौथा हिस्सा, कुणाला नुसताच मधुमेह. मला पिस्तूल मिळालं. मी पडलो बँकेच्या कर्जखात्यातला क्लार्क. आजवर माझ्या हातून सुटलेली सर्वांत घातक वस्तू म्हणजे थकबाकीची नोटीस.

अण्णांचे दिवसवार झाल्यावर जुन्नरच्या घरातलं कपाट उघडलं. धोतराच्या घडीखाली ते होतं. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं, पॉइंट बावीस बोअरचं, नेमबाजीचं पिस्तूल. नळी वीतभराहून लांब, आणि एका वेळी गोळी एकच. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मी ते ठाण्यात जमा केलं, पावती घेतली आणि सवयीने दोनदा वाचली.

आत्याला हे मुळीच आवडलं नाही.

“अरे, साधंसुधं नाही ते! आपण घोडेगावला होतो ना, तेव्हा ह्याच पिस्तुलाने तुझ्या खापरपणजोबांनी होन्याची टोळी परतवली!”

आमच्याकडे इतिहासाला तोटा नाही. जुन्नरात मान वर केली की शिवनेरी दिसतो, आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्याचं तर खुद्द आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्यामुळे कुणी काही सांगितलं तर पुरावा मागायला जायचं कुठे? पण आत्याच्या गोष्टीतला होन्या खरा होता. होन्या भागोजी केंगले हा ह्या डोंगरांतला महादेव कोळी. व्याजात जमिनी गिळणाऱ्या सावकारांवर त्याने १८७३ पासून धाडी घातल्या. कित्येकांची नाकं कापली गेली. सरकारने त्याच्यावर हजार रुपयांचं इनाम लावलं आणि १८७६ साली मेजर डॅनियलने त्याला पकडलं. मधल्या काळात, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, आणि ते लोण जिल्हाभर पसरलं.

आमचे खापरपणजोबा सावकार होते. म्हणजे मी कर्जखात्यात आहे, ही तशी घराण्याची परंपराच. होन्याची हकीकत वाचताना माझं मन त्याच्या बाजूला जातं आणि हात आपोआप नाकाकडे.

पण सवयीने मी ताळा करून पाहिला. ह्या जातीचं एकबारी पिस्तूल कंपनीने बाजारात आणलं १९०९ साली. होन्या पकडला गेला १८७६ साली. फरक तेहेतीस वर्षांचा! बँकेत तेहेतीस पैशांचा फरक आला तरी रात्री नऊपर्यंत बसवतात. म्हणजे खापरपणजोबांच्या हातात त्या रात्री दाराच्या अडसराशिवाय काही नसणार. आत्याला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “मग दुसरं असेल!” आणि भाजी निवडू लागली.

खरा इतिहास परवान्याच्या पुस्तकात निघाला. खरेदी १९७२, पुणे कॅम्प, जुना माल. कारण, नेमबाजी. अण्णा तेव्हा पंचवीस वर्षांचे, शाळामास्तर. महिन्यातून एका रविवारी एसटीने पुण्याला जायचं, मोजून पंचवीस गोळ्या कागदावर मारायच्या आणि शेवटच्या गाडीने परत. त्यांचं दैवत म्हणजे दादासाहेब मावळंकर. लोकसभेच्या ह्या पहिल्या सभापतींनी १९५१ साली नेमबाजांची राष्ट्रीय संघटना काढली. “लोकसभा शांत ठेवणाऱ्याला पिस्तूल काय अवघड!” असं अण्णा म्हणत.

रोज सकाळी ओट्यावर उभे राहून अण्णा पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या एका हाताने समोर धरीत. दहा मिनिटं. थेंब सांडता कामा नये. शेजारच्या काकू पाहुण्यांना सांगत, “गुरुजींसारखं अर्घ्य कुणी देत नाही. सूर्यनारायण पुढे सरकला तरी हे तसेच!”

आणि २००१ सालची ती रात्र. कालव्यांचं पाणी आलं तसा ऊस वाढला, उसात बिबटे राहू लागले, आणि त्या साली माणसांवर हल्ले होऊ लागले. आमच्या आळीलगतच्या मळ्यातून वासरू गेलं. तीस-चाळीस माणसं दारात आली. “गुरुजी, पिस्तूल काढा!”

अण्णा म्हणाले, “हे कागदावर मारायचं आहे. बावीसच्या गोळीने बिबट्या मरायचा नाही, जखमी होईल. आणि उद्या तो कुणाच्या तरी पोरावर जाईल.”

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “पिस्तूल साहेबाचं, काळीज सशाचं.” मी बावीस वर्षांचा होतो. मान खाली घातली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

अण्णांनी पायात चपला सरकवल्या, बॅटरी घेतली आणि त्याच माणसांबरोबर उसाच्या कडेला जाऊन बसले. मी मागे होतो. सकाळी वनखात्याचा पिंजरा येईपर्यंत तो उजेड एकाच सरीवर होता. हलला नाही. बाकीच्यांच्या बॅटऱ्या आभाळात, झाडावर, एकमेकांच्या तोंडावर फिरत होत्या. माझी तर माझ्याच पायावर होती.

त्यांची क्षमा मागायची राहिली ती राहिलीच. आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नव्हती.

धारक सत्तरीचा झाला की हत्यार वारसाच्या नावे करायला अर्ज देता येतो. २०१७ साली मी अण्णांना तसं सुचवलं. ते काही बोलले नाहीत. भरलेला तांब्या माझ्या हातात दिला, पाण्याकडे मिनिटभर पाहिलं आणि तांब्या परत घेतला.

आता अर्ज केला आहे. कारणाच्या रकान्यात ‘नेमबाजी’ लिहिलं आहे. चौकशी चालू आहे. दरम्यान रोज सकाळी मी बाल्कनीत तांब्या धरून उभा राहतो. कालपर्यंतची मजल दीड मिनिट. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी पापड वाळत घालणं बंद केलंय. सौ. आतून म्हणाल्या, “अर्घ्यच द्यायचं तर निदान तोंड पूर्वेला तरी करा!”