बिनविजेचा फिल्टर कोणत्या पाण्याला चालत नाही? घेण्याआधी हे वाचा

नागपूर : वरच्या डब्यात पाणी ओतायचं, खालच्या तोटीतून प्यायचं. लाइट गेली तरी अडत नाही, म्हणून कँडलचा फिल्टर अनेक घरांत दिसतो. कँडल गाळ आणि बरेचसे जंतू अडवते. पण पाण्यात विरघळलेलं काही ती अडवू शकत नाही. म्हणून पुढील पाणी या फिल्टरच्या भरवशावर पिऊ नये.

नायट्रेटचं पाणी : रासायनिक खतं, उकिरडे आणि शौचालयाच्या शोषखड्ड्यांतून नायट्रेट विहिरी-बोअरमध्ये झिरपतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात शेजारच्या वर्धा, अमरावती जिल्ह्यांची नावं आहेत. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाला सर्वांत धोक्याचं. अंग निळसर पडू शकतं. पाणी उकळल्यानं ते कमी होत नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं.

फ्लोराइडचं पाणी : प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्यापुढे मुलांच्या दातांवर डाग पडतात, बरीच वर्षं प्यायल्यास हाडं-सांधे आखडतात.

सांडपाण्याचं पाणी : नाग नदी नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन कुही तालुक्याकडे वाहते. अशा पाण्यात जंतूंसोबत रसायनंही असतात.

राखेचं पाणी : जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध फुटला आणि राख कोलार, कन्हान नद्यांच्या पाण्यात गेली. राखेतले धातू पाण्यात उतरू शकतात, ते कँडलने निघत नाहीत.

पावसाळ्यातलं गढूळ पाणी : यानं कँडल लवकर चोंदते. आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्या, फडक्यानं गाळा, मगच फिल्टरमध्ये ओता आणि पिण्याआधी उकळा.

मग करायचं काय?

नायट्रेट, फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही, चवीलाही कळत नाही. म्हणून आधी तपासणी, मग खरेदी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. जलजीवन मिशनखाली गावातल्या महिलांना तपासणी किट वापरायचं प्रशिक्षण दिलं जातं, त्यांच्याकडूनही पाणी तपासून घेता येतं. किटमध्ये दोष दिसला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसरा सुरक्षित स्रोत किंवा आरओचं पाणी वापरा. ते बोअर धुण्या-भांड्यांपुरतंच ठेवा.