पॅटर्न फिल
निवडलेल्या आकारात एकच चौकोनी तुकडा फरशीसारखा ओळीने मांडून तो आकार नक्षीने भरण्याची छायाचित्र-संपादनातील सोय. फोटोशॉप (पहिली आवृत्ती १९९०) आणि मोफत मिळणारे गिंप, दोन्हींत ती आहे.

लग्नपत्रिकेला पैठणीचा काठ हवा असेल, तर असावलीच्या वेलीचा एक तुकडा कापून ‘डिफाइन पॅटर्न’ने साठवतात. खरी कसोटी सांध्याची. उजव्या कडेला तुटलेले पान डाव्या कडेशी नेमके जुळले नाही, तर प्रत्येक जोडावर रेघ उमटते आणि सगळा काठ विटतो. म्हणून ‘ऑफसेट’ फिल्टरने तुकडा अर्धा सरकवून कडा मधोमध आणतात व सांधा तिथेच मिटवतात.

छपाईसाठी तुकडा मुळातच मोठा घ्यावा. ताणला की नक्षी फाटते. काठाऐवजी वारली आकृत्यांची नक्षी भरायची असेल, तर तुकड्याची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवल्यास खालचा गेरूचा रंग दिसत राहतो.