आईबापांची नम्रता : डोंगरे घराण्याच्या तीन पिढ्या

'आईबापांचा मान राख' ही चौथी आज्ञा धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांकडून पाठ करून घेतली जाते. त्या आज्ञेला दुसरी बाजू आहे, ती मात्र क्वचितच सांगितली जाते. 1992 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तसभेच्या श्रद्धाग्रंथात याच आज्ञेखाली आईबापांचीही कर्तव्ये दिलेली आहेत. मुले देवाची लेकरे आहेत, म्हणून माणूस या नात्याने त्यांचा आदर करावा. आणि जे आईबाप आपल्या उणिवा मुलांपुढे मान्य करतात, त्यांना मुलांना वळण लावणे अधिक साधते, असे तेथे म्हटले आहे. यावर आमच्या धर्मग्रामातील एखादा गृहस्थ विचारील, "फादर, मुलांपुढे आम्हीच वाकलो तर घर कसे चालायचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तत्त्वज्ञानापेक्षा इतिहासात शोधावे असे मला वाटते.

अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे विद्वान. त्यांनी थोरल्या मुलीचा विवाह रूढीप्रमाणे बालपणीच करून दिला. जावयाला घरी ठेवून विद्वान करावे हा त्यांचा बेत फसला, जावयाने अभ्यासाकडे पाठ फिरवली आणि मुलीच्या वाट्याला दुःख आले. त्या काळचा बाप हे मुलीचे नशीब म्हणून मोकळा झाला असता. शास्त्रीबुवांनी दोष नशिबाला दिला नाही. 1858 साली गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या धाकट्या रमेचा विवाह त्यांनी लहानपणी केलाच नाही. जातभाईंचा रोष पत्करून तिला शिकू दिले. शिकवण्याचे काम पुढे तिची आई लक्ष्मीबाई हिने केले, जिला शास्त्रीबुवांनी स्वतःच शिकवले होते. 1874 साली दुष्काळात मरणाच्या दारी असता, दृष्टी गेलेल्या त्या पित्याने रमेला जवळ घेऊन सांगितले, की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याचीच आहेस. रमाबाईंनी 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत हे लिहून ठेवले आहे. पिता ख्रिस्ती नव्हता. तरीही आपले अपत्य आपल्या मालकीचे नाही, हे त्याने जाणले होते.

रमाबाई आपल्या कॅथोलिक पंथाच्या नव्हत्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा व अडीच वर्षांच्या मनोरमेचा स्नानसंस्कार अँग्लिकन पंथात झाला. तेथील सिस्टर जेराल्डीन यांना त्या मायेने 'आजीबाई' म्हणत. परंतु मनोरमेच्या संगोपनावरून दोघींमध्ये पत्रांतून तीव्र मतभेद झाले. मुलीने आपल्या देशबांधवांना परके मानू नये, भारतकन्या म्हणवून घेताना लाजू नये, असा रमाबाईंचा आग्रह होता. भगिनींचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण प्रेमाने दिलेले वळणसुद्धा मुलाची मुळे उपटू शकते, हे त्या आईने ओळखले. आपणही बाळांना नावे देताना, घरात भाषा बोलताना याचा विचार करतो का?

1889 साली मुंबईत उघडलेले शारदासदन पुढे पुण्यास आले. तेथे रमाबाई मनोरमेबरोबर प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे. कोणास बोलावणे नसे, कोणास मज्जाव नसे. इतर मुली येऊन बसू लागल्या, पुण्यात वादळ उठले आणि 1893 साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले. पालकांच्या चिंतेलाही अर्थ होता, हे आपण ख्रिस्ती लोकांनी मान्य करावे. तरीसुद्धा ते उघडे दार मला बारा वर्षांच्या येशूची आठवण करून देते. मंदिरात तो सापडला तेव्हा मरियेने आधी 'का?' असे विचारले. उत्तर समजले नाही, तरी त्याला गप्प केले नाही. ते शब्द तिने अंतःकरणात ठेवले.

रमाबाई निर्दोष माता होत्या असे नाही. त्या अमेरिकेत व्याख्याने देत हिंडत असताना लहानगी मनोरमा इंग्लंडमध्ये दूर राहिली. ही किंमत आईच्या कार्यासाठी मुलीने मोजली. मोठेपणीही ती अविवाहित राहून त्याच कार्यात वाहून गेली. कर्तबगार आईबापांच्या सावलीत मुलांची स्वतःची हाक ऐकू येणे कठीण असते. श्रद्धाग्रंथ सांगतो, की व्यवसाय व जीवनमार्ग निवडण्याचा हक्क मुलांचा आहे. आईबापांनी सल्ला द्यावा, सक्ती करू नये. दहावीचा निकाल लागला की आमच्या छावणीपासून वाळूजपर्यंतच्या घराघरांत हा परिच्छेद मोठ्याने वाचावा असे वाटते.

मनोरमाबाईंचे नाव आपल्या मुलखाशीही जोडलेले आहे. आपले औरंगाबाद ज्या निजामाच्या राज्यात होते, त्याच राज्यातील गुलबर्गा येथे 1912 साली रमाबाईंनी ख्रिस्ती हायस्कूल काढले, आणि मुख्याध्यापिकेची जबाबदारी मुलीवर सोपवली. 24 जुलै 1921 रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी मनोरमाबाई वारल्या. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावला रमाबाईंनीही डोळे मिटले.