आईवरचा आरोप आणि मेंदूतल्या पोकळ्या

मंडळी, स्किझोफ्रेनियाचा इतिहास सांगताना मी नेहमी आईपासून सुरुवात करतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी १९४८ साली एक शब्द वापरला, ज्याचा अर्थ होतो ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’. पुढे अनेक वर्षं हा शब्द आयांच्या मानगुटीवर बसला होता. मुलगा भिंतीशी बोलतोय आणि डॉक्टर विचारतायत, बाई, तुम्ही याला वाढवलंत तरी कसं?

मेंदूत डोकावण्याचे प्रयत्न त्याच्याही आधीचे. १९२७ मध्ये जर्मनीत याकोबी आणि विंकलर यांनी रुग्णांच्या कण्यातला द्रव काढून तिथे हवा भरली आणि डोक्याचे एक्स-रे घेतले. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्या बहुतेकांत मोठ्या दिसल्या. पण ही तपासणी म्हणजे छळच हो! प्रचंड डोकेदुखी, उलट्या. निरोगी माणसावर हे कोण करणार? आणि ते केल्याशिवाय तुलना कशाशी करायची? इथे गाडं अडलं.

ते सुटलं सीटी स्कॅनमुळे. ग्रामोफोन रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआय कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये पहिला रुग्ण तपासला गेला. १९७६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्कमध्ये ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात राहिलेले १७ रुग्ण घेतले, तुलनेला ८ निरोगी माणसं. रुग्णांच्या पोकळ्या मोठ्या निघाल्या. लगेच आक्षेप आला : हा औषधांचा परिणाम कशावरून नाही? आक्षेप रास्त होता. पण आता वाद मेंदूबद्दल होता, आईबद्दल नव्हे. मला विचाराल तर खरा बदल हाच.

मग १९९० चा अमेरिकेतला अभ्यास. एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या, प्रत्येकीत एक आजारी, एक निरोगी. आई तीच, जनुकंही तीच. एमआरआयच्या चित्रांतल्या पोकळ्या नुसत्या डोळ्यांनी बघून १२ जोड्यांत आजारी भावंड ओळखता आलं! (औषधांचा प्रश्न यानेही पुरता मिटला नाही, कारण ती आजारी भावंडच घेत होतं.)

आजही नातेवाईक फाइल घेऊन येतात. ‘डॉक्टर, स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे हा आजार नाही ना?’ असू शकतो. निदान होतं ते रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच. कारण कित्येक रुग्णांच्या पोकळ्या निरोगी माणसांइतक्याच असतात. त्या १५ जोड्यांचंच घ्या ना. दोन जोड्यांत फरक दिसलाच नाही, आणि एका जोडीत तर निरोगी भावंडालाच आजारी ठरवलं गेलं होतं.