एका सुळक्याची तीन नावं

कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवलीला उतरून कोथळीगडाची वाट विचारली, तर ‘पेठला जायचंय का?’ असा उलट प्रश्न येण्याचीच शक्यता जास्त. पायथ्याच्या माचीवर पेठ हे छोटं गाव, म्हणून किल्लाही पेठचा.

पेठ म्हणजे बाजार. चार घरांच्या वस्तीला एवढं भारदस्त नाव बहुधा घाटवाटांनी दिलं असावं. सावळे घाट, कौल्याची धार अशा वाटा इथूनच भीमाशंकरच्या पठारावर चढतात. घाटावरून उतरलेल्या मालाला पुढे ओढ कल्याण बंदराची. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजीराजांनी आरमाराची पहिली गलबतं बांधायला घेतली ती त्याच खाडीवर. समुद्र इथून दिसत नाही. पण बंदराची पाठराखण डोंगरातूनच करावी लागे.

किल्ला तसा आटोपशीर. सुळक्याच्या पोटात भैरोबाची गुहा, तिच्यात कोरीव खांब. खरी करामत गुहेशेजारी आहे: सुळका आतून पोखरून काढलेला पायऱ्यांचा जिना. तट बांधण्याऐवजी कातळालाच तट केलं, आणि वर जायला तेवढी एकच अरुंद वाट ठेवली. अशी वाट चार माणसंही अडवून धरतील.

म्हणूनच संभाजीराजांच्या काळात इथे शस्त्रांचा साठा असे, आणि त्यानेच घात केला. नोव्हेंबर १६८४ मध्ये औरंगजेबाचा सरदार अब्दुल कादर रात्री दरवाजाशी आला. हत्यारं न्यायला आपलीच माणसं आली आहेत, असं भासवून मोगलांनी दार उघडवलं. मग झटापट झाली आणि गड गेला. बादशहाने त्याचं नवं नाव ठेवलं ‘मिफ्ताहुलफतह’, विजयाची किल्ली.

गंमत म्हणजे ‘किल्ला’ आणि ‘किल्ली’ या सख्ख्या बहिणी वाटल्या, तरी त्यांची कुळं वेगळी. किल्ला अरबी-फारसीतून आला. किल्लीचं नातं संस्कृत ‘कील’शी, म्हणजे आपल्या खिळ्याशी.

बादशाही नाव कागदातच राहिलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा मराठा दुर्ग जागतिक वारशात घेतले. रायगड जिल्ह्यातले त्यांत दोन, रायगड आणि खांदेरी. कोथळीगड त्या यादीत नाही. जिना मात्र अजून चढता येतो. पावसाळ्यात जाणार असाल तर जपून, पायऱ्या शेवाळलेल्या असतात.