मोरीतला दगड आणि पाण्याची वेळ

आई गेल्यावर तिच्या कपाटात एक दोनशेपानी वही सापडली. पुढच्या बाजूने दूध-किराण्याचा हिशेब आणि उलट बाजूने, मागच्या पानापासून, 'मशीन' असा मथळा. मार्च १९९३ मध्ये घरात कपडे धुण्याचे यंत्र आले, तिथपासून अठरा वर्षांच्या नोंदी. 'पट्टा घसरतो, रबराचा वास.' 'खालच्या चकतीत चार आणे अडकले.' 'उंदराने वायर कुरतडली, जाळी बांधून घेतली.' मी आयुष्यभर मोडी कागदांच्या मागे हिंडलो. शिक्षण बेताचेच झाले, दफ्तरखान्यात बसून जे शिकलो तेच. इतिहासाचे साधन म्हणजे पिवळा पडलेला दस्त, ही माझी समजूत या वहीने मोडली.

गावगाड्यात परीट बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षाच्या धान्यावर तो गावचे कपडे धुई, लग्नात पायघड्या घाली. पण घरातले रोजचे धुणे, लहान मुलांचे आणि आजाऱ्याचे, बायकांच्याच वाट्याचे. नदी लांब असेल तर मोरीत. जुन्या वाड्यांच्या मोरीत बसवलेला तो खडबडीत दगड अजून कुठे दिसला, तर त्याच्या मधला खळगा पाहावा. तो आपटण्याने आणि घासण्याने झालेला असतो. मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला, त्याची छायाचित्रे जगभर गेली. मोरीतल्या दगडाचे छायाचित्र कुणी काढले नाही.

यंत्राची वंशावळ दोन घराण्यांची आहे. अमेरिकेत १९३७ मध्ये बेंडिक्सने पूर्ण स्वयंचलित यंत्र आणले. ते इतके थरथरे, की जमिनीला बोल्टने आवळावे लागे. पुढे दार असलेले आडव्या पिंपाचे यंत्र हे या घराण्यातले. युरोपात कपडे उकळून धुण्याची रीत, म्हणून तिथे त्यात पाणी तापवण्याचा हीटरही आला. दुसरे घराणे थंड पाण्याचे. इंग्लंडमध्ये हूवरने १९४८ च्या सुमारास टाकीत फिरणाऱ्या चकतीने पाणी घुसळणारे छोटे यंत्र काढले. त्या धर्तीवर जपानात सान्योने १९५३ मध्ये आपले यंत्र बाजारात आणले. पुढे धुण्याची एक टाकी आणि पिळण्याची दुसरी, अशी जोडटाकी रूढ झाली.

भारतात दोन्ही घराणी जवळजवळ एकदमच आली. १९८७ मध्ये टीव्हीएस आणि व्हर्लपूल यांनी भागीदारी केली. आयएफबीने बॉशच्या तंत्रसाहाय्याने पुढच्या दाराचे यंत्र आणले. त्यांचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने जोडटाकी घरोघर नेली. बाजार मात्र दीर्घकाळ जोडटाकीचाच राहिला. ती स्वस्त होती हे सगळेच सांगतात. मला ते कारण अपुरे वाटते.

आईच्या वहीत पहिल्याच पानावर वरच्या कोपऱ्यात लिहिले आहे: 'नळ ५.४० ते ६.३०.' स्वयंचलित यंत्राला हवे तेव्हा पाणी ओढता यावे लागते, नळाला पुरेसा दाब लागतो. आमच्या तालुक्याच्या गावात दोन्ही नव्हते. जोडटाकीत मात्र बादलीने पाणी ओतता येते, मध्येच थांबता येते, आणि तेच साबणाचे पाणी पुन्हा वापरता येते: आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. उरलेल्या पाण्याने आई मोरी घाशी. 'अर्धस्वयंचलित' या शब्दात कमीपणा आहे, पण या यंत्राला आमच्या नळाची वेळ समजत होती. शिवाय पिळण्याची टाकी लहान असल्याने ती मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेते. जुलैत दोरीवर चार-चार दिवस आंबणारे कपडे ज्यांनी हुंगलेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आजीचे नऊवारी लुगडे यंत्रात कधी गेले नाही. एक तर ते चकतीला गुंडाळले जाई, दुसरे, सोवळे.

दुरुस्तीच्या नोंदी सर्वांत बोलक्या आहेत. कंपनीला तीन पत्रे टाकूनही माणूस आला नाही, तेव्हा आईने नाक्यावरच्या पंखे-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला बोलावले आणि शेजारी उभी राहून शिकली. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने साबणाचा चिकट साका धरतो, म्हणून तिने वडीचा कीस टाकणे सोडले आणि पावडर घेतली. दोऱ्याची जाळी दर धुण्याला झटकायची, काम झाल्यावर झाकण उघडे ठेवायचे. यंत्र डुगडुगले तर खाली पुठ्ठ्याची घडी. 'ब्रेक ढिला, झाकण उघडल्यावरही टाकी फिरते, मुलांना हात घालू देऊ नये' ही नोंद दोनदा अधोरेखित आहे. सातवी शिकलेल्या बाईचे हे तंत्रज्ञान कुठल्या इतिहासात जमा होणार?

रुथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन अभ्यासिकेने १९८३ च्या पुस्तकात दाखवले, की यंत्रांनी श्रम हलके केले तरी बाईचे काम घटले नाही. बाहेर गेलेली कामे घरात परतली, स्वच्छतेची अपेक्षा वाढली. वहीत ताळा मिळतो. १९९२ च्या हिशेबात चादरी महिन्यातून दोनदा. १९९५ मध्ये दर रविवारी.

पण वहीच्या पुढच्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहिणे मला जड जाते. फेब्रुवारी १९९३ पर्यंत दर महिन्याला 'धुणे-भांडी, मावशी' अशी रक्कम आहे. एप्रिलपासून फक्त 'भांडी', रक्कम निम्म्याहून कमी. मोलकरणींनी पुण्यात संप केला तो १९८० साली. घरकामगार कल्याण मंडळाचा राज्याचा कायदा झाला २००८ मध्ये. या दोन तारखांच्या मधल्या काळात किती घरांतून धुणे असे एका ओळीत वगळले गेले, ते दफ्तरात सापडत नाही. मावशी काही बोलल्या होत्या का, हे आईला विचारायला हवे होते.

शेवटची नोंद २०११ ची, अक्षर थरथरलेले: 'टायमर गेला. मोटर चांगली आहे. भंगारात देऊ नये.' यंत्र मी भंगारात दिले. मोटर मात्र त्याआधी नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने मागून नेली होती. तिच्यावर तो अजून सुऱ्या-कात्र्यांना धार लावतो.